न मागितलेली दिवसपाळी

संघमित्रा माणसाचं तोंड नंतर बघायची, आधी हात बघायची. भाजीवालीने मेथीची जुडी पुढे केली की जुडी घ्यायच्या आधी ही तिच्या मनगटावरची शीर बघायची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तांब्याची भांडी ठोकत एक म्हातारे काका बसतात. त्यांना एकदा म्हणाली, "काका, तुमच्या शिरा काय छान आहेत. डोळे मिटून सुई घातली तरी लागेल." काका दोन दिवस अस्वस्थ होते. शेवटी मला विचारलं, ही बाई करते काय? मी म्हटलं, नर्स आहे. तेव्हा कुठे त्यांनी हातोडी उचलली.

माझा हात तिने पहिल्याच दिवशी धरला. उलटा केला, कोपराच्या खोलगटात अंगठा फिरवला आणि म्हणाली, "आजी, तुमची शीर पळते." मी म्हटलं, पळू दे, मला काय तिच्यामागे धावायचंय. ती हसली नाही. कामाच्या गोष्टीवर ती हसत नसे.

मी बाळ-बाळंतिणींना मालिश करते. कसबा पेठेत चाळीस वर्षं हेच केलं. ज्यांना पायावर घेऊन अंघोळ घातली त्यांच्या पोरांनाही आता अंघोळ घालते. शिक्षण चौथी. तेवढ्या अक्षरांत बसेल तेवढं लिहिते.

संघमित्रा मूळची भंडाऱ्याकडची. पुण्यात नर्सिंगला आली आणि इथेच राहिली. नवरा चाकणला कारखान्यात. आमच्या मागच्या बाजूला नवी इमारत झाली, तिच्यात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेऊन राहायचे. हॉस्पिटल नदीपलीकडे, पूल ओलांडला की चालत पंधरा मिनिटं. मुलगी झाली आणि सासू गावाहून आली. सासूनेच मला बोलावलं.

मी आत पाऊल टाकलं तर या बाईने मला आधी मोरीकडे पाठवलं. "कोपरापर्यंत धुवा. साठ मोजा." मी म्हटलं, मला शंभरपर्यंत येतात. "मग साठ सोपे जातील," म्हणाली आणि मागे उभी राहिली. चाळीसच्या पुढे मी जरा घाई केली. "पुन्हा," म्हणाली. बारा दिवसांची बाळंतीण, नीट उभं राहता येत नाही, दाराला टेकलेली, आणि मला म्हणते पुन्हा. मग बांगड्या काढायला लावल्या. सासूने तोंडावर पदर घेतला. म्हाताऱ्या बाईला बांगड्या काढ म्हणायचं म्हणजे काय. मी म्हटलं, माझा नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली, त्याच्यासाठी घालत नाही, मला आवडतात म्हणून घालते. बांगड्या खिळ्याला टांगल्या. पुढचे सहा महिने तो खिळा माझा होता.

मग नियम. तेल कानात नाही, नाकात नाही. काजळ नाही. धुरी नाही. बाळाचं नाक दाबून सरळ करायचं नाही, डोकं चेपून गोल करायचं नाही. मी म्हटलं, मग मला बोलावलं कशाला, फरशी पुसायला? ती म्हणाली, "पायावर घेऊन अंघोळ घाला. तसं मला येत नाही. आमच्याकडे हॉस्पिटलात बाळाचं सगळं वजन तुमच्या एका पावलाएवढं असतं, पायावर घेता येत नाही." आणि पहिल्या अंघोळीला ती समोर पाटावर बसून बघत राहिली. माझ्या हाताकडे बघत होती, बाळाकडे नाही. झाल्यावर म्हणाली, "मानेखालचा हात एकदाही सुटला नाही." चाळीस वर्षांत ही गोष्ट कुणाला दिसली नव्हती. गोड बाळ, गुटगुटीत बाळ, हेच बोलतात सगळे.

पाळण्याच्या दांडीला सुतळीने एक वही बांधलेली असे, तिला पेन लटकवलेलं. बाळ किती वाजता प्यालं, किती वेळ, कुठल्या बाजूला, शू किती वाजता, शी कुठल्या रंगाची, सगळं लिहायचं. सासू बिचारी साधी. तिला लिहिणं जमत नसे. एकदा मी गेले तर माझ्याजवळ कुरकुर करायला लागली, "म्या सोता पाहिलं बाई, लंगोट ओला होता. पण वहीत नाही म्हणून ही म्हणते पोरीनं सू केलीच नाही." संघमित्रा आतून म्हणाली, "नोंद नाही म्हणजे झालं नाही, आई." हे तिचं नेहमीचं वाक्य. हॉस्पिटलात नव्या नर्सांना पहिल्या दिवशी हेच शिकवतात म्हणे. औषध दिलं पण लिहिलं नाही, तर दिलं नाही. दुसरी येऊन पुन्हा देईल आणि बाळ जाईल. त्यामुळे ते वाक्य ती घरातही पाळायची. नवऱ्याने गॅस बंद केला म्हटलं तरी विचारायची, कुठे लिहिलंय?

तिचं काम कमी दिवसांच्या बाळांकडे होतं. लोक म्हणतात ना, बाळाला काचेत ठेवलंय, त्या काचेच्या पेट्यांपाशी. नऊ वर्षं. बायकांच्या पाठीला तेल लागलं की त्या बोलायला लागतात, हा माझा अनुभव आहे. बहुतेक जणी सासूबद्दल बोलतात. ही पेट्यांबद्दल बोलायची. एकदा एक बाळ आलं होतं, मूठभर. दोन डॉक्टर आणि एक सिस्टर शीर शोधून दमले. सगळीकडे टोचून झालं. हिला बोलावलं. हिने खोलीतला दिवा घालवला आणि बाळाच्या तळहाताखाली एक छोटी बॅटरी धरली. "पंजा लाल होतो, आजी. आरपार. आणि त्यात एक दोरा दिसतो काळा. तो हलायच्या आत जायचं." सुई आत गेली. एकदाच. मी विचारलं, मग? "मग लिहिलं. कुठला हात, कुठली सुई, किती वाजले." आणि मग? "मग पुढची पेटी." पाठ तेलाने भिजली होती आणि आवाजात कौतुक नाही, दमणूक नाही, काही नाही. मला ते आवडलं. मी ज्यांच्याकडे जाते त्या बायका एवढ्या तेवढ्याचं किती सांगतात.

रजेवर असताना ती रोज दुपारी, पोरगी झोपली की, सुईत दोरा ओवत बसायची. बारीकात बारीक सुई. ओवायचा, काढून टाकायचा, परत ओवायचा. शिवायचं काहीच नसे. मी विचारलं, हा काय उद्योग? म्हणाली, "दोन महिने हात लावला नाही तर बोटं जड होतात. मला सहा महिने काढायचेत." तिची रजा संपायला ती दिवस मोजत होती. बाकीच्या बायका रजा संपते म्हणून रडतात.

आता मी जे केलं ते सांगते.

मुलीचं नाव ठेवायचा कार्यक्रम सव्वा महिन्याने केला. त्यांच्यात बारसं आपल्यासारखं नसतं. सगळे पांढऱ्या कपड्यांत, मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली. मला त्यातलं येत नाही, मी हात जोडून बसले. नाव सुजाता ठेवलं. हल्लीची नावं म्हणताना जिभेला गाठ बसते, हे सरळ होतं. खीर होती. हॉस्पिटलमधून तिच्याबरोबरच्या दोघी आल्या आणि त्यांची मेट्रन आली. मेट्रन म्हणजे सगळ्या नर्सांची वरची बाई. कडक इस्त्रीची साडी, पायात मोजे, बोलणं गोड. त्यांना खुर्ची दिली. संघमित्रा आत पोरीला पाजत होती. मी आणि सासू मेट्रनच्या समोर खाली बसलो होतो.

मला कुणी विचारलं नव्हतं. पण माझं तोंड. मी म्हटलं, अहो बाई, ही पोर आठ आठ रात्री जागते म्हणे तुमच्याकडे. आता अंगावरचं पोर आहे. रात्रपाळीने दूध आटतं, मी शंभर बायकांचं बघितलंय. हिला दिवसपाळी द्या. बसायचं काम द्या. मेट्रन म्हणाल्या, "हो का? घरच्यांची तशी इच्छा आहे का?" सासूने मान हलवली. ती कशालाही मान हलवते. मेट्रन म्हणाल्या, "बघू हं आपण," आणि खीर संपवली. मी घरी आले ती खुशीत. म्हटलं, आपल्या शब्दाने एका पोरीचं भलं झालं. संघमित्राला यातलं काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं वाटलंच नाही. आपल्याकडे बारशाला आलेल्या मोठ्या माणसाकडे म्हाताऱ्या बायका असं मागणं घालतातच. ते काय कुणी कागदावर लिहून घेतं?

रजा संपली. पहिल्या दिवशी ती सात वाजता घरातून निघाली. गणवेश अंगात घट्ट झाला होता, दोन बटणं सरकवून लावली होती. सासूजवळ वही, पेन, वाटीत काढून ठेवलेलं दूध आणि सतरा सूचना. मी पोरीच्या अंघोळीला गेले तर अकरा वाजता ही परत दारात. सासू घाबरली. हिने चपला काढल्या, हात धुतले, साठ मोजले, पोरीला घेतलं. मग म्हणाली, "माझं नाव पाळीत नाहीये."

तिला तिकडून काढलं होतं. म्हणजे नोकरीवरून नाही. खडकवासल्याच्या रस्त्याला त्यांची नवी शाखा झाली, तिथे विमा आणि नावनोंदणीच्या टेबलावर बसायचं. नऊ ते पाच. रात्रपाळी नाही, उभं राहणं नाही. गणवेशही नाही, कोट घालायचा. मेट्रनने तिला चहा पाजला आणि म्हणाली, तुझ्यासाठीच केलंय, बाळ लहान आहे. आणि समोर कोरा कागद ठेवला. त्यावर तिने स्वतः लिहून द्यायचं, की घरच्या अडचणीमुळे मला बदली हवी आहे, विनंती आहे.

गंमत बघा. दिवसपाळी म्हणे बाळासाठी. जुनं हॉस्पिटल पंधरा मिनिटांवर, मधल्या सुट्टीत येऊन पाजून जाता आलं असतं. नव्या शाखेला दोन बस आणि तो सिंहगड रस्ता. सकाळी आठला निघायचं, संध्याकाळी सातला यायचं. दूध कपड्यांत गळणार.

आठवडाभर ती घरात वाघिणीसारखी फिरत होती. तिची बाजू कुणालाच कळत नव्हती, हा खरा त्रास. नवरा म्हणाला, पगार तोच आहे ना, मग बरंच आहे की. शेजारची म्हणाली, नशीबवान आहेस बाई, आम्हाला कोण देतं बसायचं काम. बरोबरीच्या सिस्टर फोनवर म्हणाल्या, आमच्यासाठी पण सांग ना. ज्याला त्याला ती सांगायची, मला शीर शोधता येते, मला फॉर्म भरता येत नाहीत. लोक म्हणायचे, शिकशील. ती म्हणायची, शिकायला काय, येईलच. पण मग हे कोण करणार? तिच्या जागी दोन नव्या मुली घेतल्या होत्या, नुकत्या पास झालेल्या. त्यातल्या एकीला सुई कशी धरायची ते हिनेच रजेवर जाताना शिकवलं होतं.

तिने सही केली नाही. रोज सकाळी हॉस्पिटलात जायची, मेट्रनच्या दाराबाहेर बाकावर बसायची आणि एकच बोलायची, लेखी ऑर्डर द्या. मेट्रन म्हणायची, ऑर्डर कशाला, तू अर्ज दे, आपण मंजूर करतो. ही म्हणायची, मी मागितलं नाही तर अर्ज कसला? मी विनंती लिहून दिली की उद्या परत यायचं म्हटलं तर दाखवतील, बघा, तुम्हीच मागितलं होतं. दार कायमचं बंद. हे तिला पहिल्या मिनिटाला कळलं होतं. कागदातलं तिला बरोबर कळायचं.

सहाव्या दिवशी ती घरी आली तेव्हा मी पोरीला तेल लावत होते. आल्या आल्या हात न धुता बोलायला लागली, तेव्हाच मी ओळखलं काहीतरी बिनसलंय. आणि पुण्याची भाषा सुटून गावाकडची लागली होती. "म्हणतात, घरच्यांनीच विनंती केली. कोणं केली? कोणं बोललं माझ्या नावानं?"

सासूने माझ्याकडे बघितलं. मी काही लपवणारी बाई नाही. मी म्हटलं, मी बोलले. नाव ठेवलं त्या दिवशी.

मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. मोरीवर गेली, हात धुतले. साठ पूर्ण मोजले. मग माझ्यासमोर पाटावर बसली आणि म्हणाली, "आजी, तुमचे गुडघे दुखतात ना?"

मी म्हटलं, दुखतात.

"उद्या मी पेठेत सगळ्यांना सांगून आले, आजींना खाली बसवत नाही, त्यांना मालिशला बोलावू नका. बारशाला खुर्ची द्या, अक्षता द्या हातात, तेवढंच. तर काय कराल तुम्ही?"

तुझा गळा धरीन, असं उत्तर होतं. पण पोरगी माझ्या पायावर होती. अंघोळ पूर्ण घातली. मानेखालचा हात सुटू दिला नाही. घरी जाताना बांगड्या खिळ्यालाच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी कागद आणला. आयुष्यात अर्ज लिहिला नव्हता. लिहिलं, मी मालिशवाली. मी माझ्या मनाने बोलले. संघमित्राने मला सांगितलं नव्हतं, तिला ठाऊकही नव्हतं. तिला तिचं काम परत द्या. खाली सही केली. तीन वेळा लिहिला, तिसऱ्यांदा ओळी सरळ आल्या. पूल ओलांडून चालत गेले. गुडघे दुखत होते, पण ते कुणाला सांगायची सोय राहिली नव्हती.

मेट्रनने मला बसवलं, पाणी दिलं. कागद वाचला. म्हणाल्या, "अहो आजी, तुम्ही कशाला मनाला लावून घेता? तुमच्या सांगण्यावरून काही झालेलं नाही. हे वरचं धोरण आहे. जुन्या मुलींना हळूहळू दुसरीकडे घ्यायचं ठरलंय."

मी म्हटलं, मग त्या पोरीला घरच्यांची विनंती म्हणून का सांगितलं?

"तुम्ही बोलला होतात ना."

म्हणजे माझ्या बोलण्याने बदली झाली नव्हती, आणि माझं बोलणं बदलीला वापरलं होतं. या बाईशी भांडायचं तरी कुठल्या टोकाने? मी म्हटलं, मी आता उलट बोलते आहे, तेही ऐका. त्या म्हणाल्या, ऐकलं की. आणि माझा कागद टेबलाच्या खणात ठेवून दिला. खण सरकवताना आवाजसुद्धा केला नाही.

मी थेट संघमित्राकडे गेले. सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पोच घेतली का?"

पोच म्हणजे कागद मिळाल्याची सही. मी घेतली नव्हती. मला माहीत नव्हतं.

"मग तुम्ही दिलाच नाही," ती म्हणाली.

तिचा राग माझ्यावर राहिला नव्हता, हे मला त्या वेळी कळलं. नव्या नर्सला सांगावं तसं सांगितलं तिने. सासू म्हणाली, बाई एवढी चालत गेली, काही तर बोल. तर म्हणाली, चालल्याची कुठे नोंद आहे? आणि स्वतःच जरा हसली. वाईट हसू होतं ते.

पुढचं सगळं तिने एकटीने केलं. स्वतःचा कागद लिहिला: मी बदली मागितलेली नाही, मला बदली नको आहे, माझ्या घरच्या कुणीही माझ्या वतीने विनंती केलेली नाही, केली असल्यास ती माझी नाही. त्याच्या दोन प्रती काढल्या. एकीवर शिक्का आणि सही घेईपर्यंत बाकावरून उठली नाही. तिथला कारकून म्हणाला, मॅडम जेवायला गेल्यात. ही म्हणाली, जेवू द्या. कारकून म्हणाला, आज जमणार नाही. ही म्हणाली, मी उद्याही रिकामीच आहे, तुम्ही मला काम कुठे दिलंय? दुधाने गणवेश पुढून ओला झाला, तशीच बसून राहिली. मला वाटतं त्या कारकुनाने शेवटी त्यालाच घाबरून शिक्का मारला.

मग ऑर्डर आली. लेखी. प्रशासकीय कारणास्तव आपली बदली करण्यात येत आहे. विनंती हा शब्द त्यात नव्हता. तिने मला तो कागद वाचून दाखवला, घडी घातली आणि डब्यात ठेवला, जिथे पोरीच्या जन्माचा दाखला होता तिथे. एवढंच जिंकलं. बदली व्हायची ती झालीच. नोकरी सोडता येत नव्हती, नवऱ्याचं काम कंत्राटी. महिन्याभराने त्यांनी कसब्यातल्या खोल्या सोडल्या आणि शाखेच्या जवळ कुठेतरी गेले. सामान गेलं त्या दिवशी सासू माझ्या बांगड्या द्यायला खाली आली. संघमित्रा टेम्पोत पुढे बसली होती, पोरीला मांडीवर घेऊन. मला म्हणाली, "साठ मोजत जा, आजी. इतर घरीसुद्धा." मी मोजते. कुणी बघत नसलं तरी.

त्यानंतर चार महिन्यांनी ती मला दिसली. माझा भाचा तिकडे धायरीला राहतो. मी त्याच्याकडे गेले होते. त्याला माझी साखर तपासायची हौस आली आणि तो मला त्याच शाखेत सोडून कामावर गेला. मला नंबराची चिठ्ठी मिळाली, अठ्ठावीस. समोर काचेचं टेबल, काचेला खाली अर्धगोल भोक. पलीकडे संघमित्रा. आधी पोरं काचेत असायची आणि ही बाहेर.

निळा कोट, केस चापूनचोपून, छातीवर नावाची पट्टी. माणसांना विचारत होती, पॉलिसी आहे का, आधार आणलंय का, इथे सही, इथे पण. माणसांचे हात भोकातून आत यायचे, कागद द्यायचे, परत जायचे. ती हाताकडे बघत नव्हती. कागदाकडे बघत होती. मला तिने पाहिलं नव्हतं, मीही हाक मारली नाही.

टेबलाच्या डाव्या बाजूला रक्त काढायची खोली. एक बाई तान्हं बाळ घेऊन आत गेली. तीन-चार महिन्यांचं असेल. दार अर्धवट उघडं होतं. आतली मुलगी कोवळी होती, विशीतली. बाळाला टोचलं, ते रडलं. रडणारच. परत टोचलं. मग तिसऱ्यांदा. पोरांचं रडणं माझ्या ओळखीचं असतं, किती खरं, किती भुकेचं, किती नुसतं आडमुठं. हे भीतीचं होतं, श्वास अडकायला लागला होता.

मी संघमित्राकडे बघत होते. ती एका माणसाला फॉर्म समजावत होती. तिने एक कोपर छातीशी दाबून धरलं. पाजणाऱ्या बाईला दुसऱ्याचं पोर रडलं तरी पान्हा फुटतो, तिला थांबवता येत नाही. मग तिने दोन्ही तळहात टेबलावर उपडे ठेवले. आत चौथ्यांदा टोचलं.

ती उठली. "काउंटर बंद" अशी पाटी होती ती काचेला लावली. माणूस म्हणाला, अहो मॅडम, माझं अर्धं राहिलंय. ती कोपऱ्यातल्या नळापाशी गेली. कोट काढला, अंगठी काढली, घड्याळ काढलं. कोपरापर्यंत हात धुतले. मी मनात मोजत होते. आत बाळ फुटून रडत होतं, बाहेर लोक कुरकुरत होते, आणि तिने साठ पूर्ण केले. कोट नळाजवळच्या खुंटीला होता. त्याच्या कॉलरच्या आत एक बारीक सुई टोचलेली होती, दोरा ओवलेला.

ती आत गेली. खोलीतला दिवा गेला. थोड्या वेळाने रडणं उतरत उतरत हुंदक्यांवर आलं आणि थांबलं. दिवा लागला आणि संघमित्रा बाहेर आली. ती मुलगी दारात येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, रजिस्टरला तुमचं नाव लिहू ना?"

"माझं नाही. तू काढलंस. तुझं नाव लिही."

संघमित्राने अंगठी घातली, घड्याळ बांधलं, कोट चढवला. काचेमागे जाऊन पाटी काढली. त्या माणसाचं राहिलेलं अर्धं पूर्ण केलं. मग म्हणाली, "अठ्ठावीस."

मी भोकातून चिठ्ठी आत सरकवली. तिने चिठ्ठी घेतली नाही, माझं मनगट धरलं. तोंडाकडे न बघता म्हणाली, "आजी. तुमची शीर पळते. आत सांगा, उजव्या हाताला बघ म्हणावं, जरा खालच्या बाजूला."

मी म्हटलं, सुजाता कशी आहे?

"रांगते. वही खाते."

मी म्हटलं, तूच चल ना आत. मिनिटाचं काम आहे तुझ्यासाठी.

तिने मनगट सोडलं. कागद पुढे केला, जिथे सही करायची तिथे पेनाने फुली मारली. "ते माझं काम नाही, आजी," म्हणाली. "आणि तुम्ही मोठ्या आहात. सोसाल."

मी सही केली आणि आत गेले. उजवा हात, खालच्या बाजूला, सगळं सांगितलं. पोरीने मान डोलावली. पहिल्यांदा लागली नाही. दुसऱ्यांदा शीर सरकली. तिसऱ्यांदा तिने सुई आत ठेवूनच शोधायला सुरुवात केली, तेव्हा मी दाराकडे बघितलं. दार आता पूर्ण लावलेलं होतं. पलीकडून संघमित्राचा आवाज आला, "एकोणतीस."